वांकडा बसलेला डबा

भातखाचराचा बांध कितीहि भरभक्कम घातला, आणि खेकड्यानें त्याच्या बुडाशीं बोटभर भोंक पाडलें, तर खाचरांत पाणी राहत नाहीं, हें आमच्या कोंकणपट्टींतील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. तो बांधाची उंची वाढवीत बसत नाहीं. पहांटे कुदळ घेऊन जातो व तें भोंक शोधून बुजवितो. परंतु हाच शेतकरी मोटारीच्या धुरानें हैराण झाला म्हणजे मात्र बांध उंच करूं लागतो. नवा फिल्टर आणतो, नवें तेल घालतो, प्लग बदलतो. भोंक कोठें आहे तें पाहत नाहीं. आम्हींहि पाहिलें नाहीं आणि त्याची किंमत मोजली. ती हकीकत, व तिच्यावरून आमचें जें मत बनलें तें, या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आम्ही मीरा रोडच्या पूर्वेस हाटकेश भागांत राहतों. महसूल खात्यांतील कारकुनी संपवून मोकळे झाल्यापासून आमचें लक्ष वाडा तालुक्यांतील वडिलार्जित भातशेतीकडे अधिक लागलें आहे. घरची गाडी म्हणजे जुनी प्रीमियर पद्मिनी. हाटकेशाहून निघावें, महामार्गानें वसईची खाडी ओलांडावी, शिरसाड फाट्यास वळावें आणि वज्रेश्वरी, अंबाडी, कुडूस करीत वाडा गांठावा, हा आमचा पंधरवड्याचा शिरस्ता. पाऊस संपला कीं या वाटेवर अवजड गाड्यांच्या मागें धुळीचा लोट उठतो. आणि झोडणीच्या दिवसांत खळ्याजवळ गाडी उभी केली, तर तूस, कोंडा व बारीक माती यांचा थर घटकाभरांत बॉनेटवर बसतो.

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुमारास गाडी पेट्रोल अधिक खाऊं लागली. कार्बोरेटर मळला असावा असें वाटून आम्हींच एका रविवारीं इमारतीच्या आवारांत बॉनेट उघडलें. कार्बोरेटरच्या तोंडावर पत्र्याचा जो डबा असतो, ज्यास मिस्त्री लोक एअर क्लीनर म्हणतात, तो काढला, कार्बोरेटर पुसला, डब्यांत नवा कागदी फिल्टर ठेवला व डबा जागेवर चढविला. डब्याखालचें रबरी पॅकिंग जुनें, ताठर झालेलें होतें. तें बसवितांना एका बाजूस दुमडलें गेलें, तें आम्हांस दिसलें नाहीं. नट आवळले, डबा हलत नाहीं एवढें पाहिलें, आणि काम उत्तम झालें अशा समाधानांत हात धुतले.

त्यानंतर एक संपूर्ण हंगाम गाडी त्याच स्थितींत धुळींतून धांवली. पुढल्या पावसाळ्याच्या आधीं मागून निळा धूर येऊं लागला, तेल वरचेवर घालावें लागूं लागलें आणि वज्रेश्वरीचा चढ तिसऱ्या गिअरवर न निघतां दुसऱ्यावर निघूं लागला. आम्हीं दोन वेळां फिल्टर बदलला, परंतु दोन्हीहि वेळां वरचें झांकण तेवढें उघडून; डबा बुडापासून उचललाच नाहीं. अखेर हाटकेश उद्योगनगराच्या बाजूस काम करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यानें इंजिनास हात लावण्यापूर्वीं डबा उचलला, कार्बोरेटरच्या तोंडांत बोट फिरविलें आणि तें आमच्यापुढें धरिलें. बोटावर पिठासारखी तांबूस माती होती. “भाऊसाहेब, फिल्टर नवा आहे खरा, पण धुळीची वाट त्यांतून नव्हतीच,” एवढेंच तो म्हणाला. जेथें पॅकिंग दुमडलें होतें, तेथें डब्याच्या बुडाशीं नखाएवढी, चंद्रकोरीसारखी फट होती. सिलिंडर झिजले होते, रिंगा निकामी झाल्या होत्या. बोअर करून नवे पिस्टन बसवावे लागले, आणि त्या वर्षीं भात विकून जी रक्कम हातीं आली तिचा मोठा भाग त्यांत गेला. दोष गाडीचा नव्हता, रस्त्याचा नव्हता, फिल्टर बनविणाऱ्याचाहि नव्हता. दोष आमच्या घाईचा होता.

शेतकीच्या मासिकांत मोटारीच्या डब्याची कथा कशास, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर असें कीं, या डब्याचा शेताशीं जुना संबंध आहे. अमेरिकेंत सन १९१५ मध्यें फ्रँक डोनाल्डसन नांवाच्या ट्रॅक्टर विकणाऱ्या गृहस्थानें, धुळीनें इंजिनें झिजतात हें पाहून, ट्रॅक्टरसाठीं हवा गाळण्याचें साधन तयार केलें. त्यांतूनच पुढें मोठा कारखाना उभा राहिला. शहराच्या डांबरी सडकेवर चालणाऱ्या मोटारवाल्यापेक्षां नांगरल्या शेतांत यंत्र चालविणाऱ्यास त्या साधनाची गरज अधिक होती. आज तर आपल्यापैकीं बहुतेकांच्या दारीं ट्रॅक्टर, जुनी जीप, पाण्याचें इंजिन किंवा निदान एखादी मोटारसायकल आहे. या सर्वांस हवा लागते, आणि शेतकऱ्याच्या वांट्यास येणारी हवा धुळीची असते.

ही हवा किती लागते याचा हिशेब पुष्कळांस ठाऊक नसतो. एक लिटर पेट्रोल नीट जळावयास सुमारें ९,००० लिटर हवा लागते. पद्मिनीचें इंजिन चार सिलिंडर मिळून १,०८९ घनसेंटिमीटरांचें. तें मिनिटास ३,००० फेरे घेत पूर्ण ताणावर चाललें, तर मिनिटास १,३०० ते १,६०० लिटर हवा ओढतें. म्हणजे टांकींत आपण दहा लिटर पेट्रोल भरतों तेव्हां वस्तुतः ९०,००० लिटर हवाहि त्याबरोबर विकत घेतों. मात्र तिची पावती मिळत नाहीं व तिची प्रत कोणी पाहत नाहीं. या हवेंतील मातीच्या कणांत गारेचा अंश असतो, आणि तो सिलिंडरच्या बिडाहून कठीण असतो. डोळ्यास दिसणारा मोठा खडा फारसा आंत जात नाहीं. केसाच्या जाडीच्या चौथ्या-पांचव्या हिश्शाएवढा सूक्ष्म कणच तेलाच्या पातळ थरांत शिरून रिंग व सिलिंडर यांच्यामध्यें कानशीसारखें काम करितो.

आतां फटीची गोष्ट पाहूं. इंजिन हवा ओढतें तेव्हां ती सोप्या वाटेनें येते. कागदी फिल्टरांतून येतांना तिला विरोध होतो, फटींतून कांहींच होत नाहीं. फिल्टर जसजसा धुळीनें भरत जातो तसतसा कागदाचा विरोध वाढतो व फटीची वाट अधिकाधिक वाहती होते. म्हणून फिल्टर उत्तम असतांहि डबा वांकडा असेल तर संरक्षण नाहीं. उलट फिल्टर नवा आहे या भरंवशावर मालक निश्चिंत राहतो, हें नुकसान वेगळेंच. मोजणीच्या वेळीं हद्दीचा एक दगड हातभर सरकला, तर नकाशा कितीहि सुबक असो, पुढें दोन पिढ्यांचा तंटा ठेवलेला असतो. आमचा नोकरीचा जन्म असले तंटे पाहण्यांत गेला, तरी घरच्या गाडीचा दगड सरकलेला आम्हांस उमगला नाहीं.

धुळीखेरीज डबा वांकडा बसण्याचे आणखीहि परिणाम आहेत, आणि ते कार्बोरेटरशीं निगडित असल्यामुळें मिस्त्रीहि कित्येकदां त्यांचें निदान चुकवितात. कित्येक कार्बोरेटरांत पेट्रोलच्या वाटीस हवा मिळावी म्हणून एक बारीक नळी वा छिद्र डब्याच्या आंतल्या बाजूस उघडें ठेवलेलें असतें. पॅकिंग सरकून तें बुजलें, तर वाटींतील दाब बदलतो व पेट्रोल-हवेचें प्रमाण बिघडतें. मग मालक जेट आणि स्क्रू फिरवीत बसतो. दुसरें असें कीं, चोकची पाती कार्बोरेटरच्या तोंडांतच फिरते. दुमडलेलें पॅकिंग किंवा प्रमाणाहून लांब बोल्ट तिला अडला, तर चोक अर्धा मिटलेलाच राहतो. पेट्रोल वाया जातें, धूर काळा येतो व पीयूसीच्या तपासणींत गाडी नापास होते. तिसरें म्हणजे, वांकडा डबा सरळ करण्याच्या नादांत नट जोरानें आवळला, कीं कार्बोरेटरचें हलक्या धातूचें वरचें अंग वाकतें. एकदां तें वाकलें म्हणजे पुढें कितीहि चांगलें पॅकिंग घाला, फट राहावयाचीच.

इंजिनांतील वाफा डब्यांत आणणारी जी रबरी नळी असते तिचेंहि विस्मरण होऊं नये. डबा तिरपा बसला कीं ही नळी ताणली जाते व एखाद्या दिवशीं सुटून पडते. मग धूळ थेट तेलाच्या टांकींत जाण्यास वाट होते.

हें टाळण्यास फार विद्या लागत नाहीं. अर्धा तास व थोडी शिस्त लागते. इंजिन गार असतां काम करावें. डबा काढण्यापूर्वीं त्याची बाहेरची धूळ ओल्या फडक्यानें पुसावी, नाहींतर तीच कार्बोरेटरांत पडते. डबा काढतांच कार्बोरेटरच्या तोंडावर स्वच्छ फडकें झांकावें. त्यांत पडलेला एक लहानसा नट संपूर्ण इंजिन फोडूं शकतो. मग डब्याचें बूड व कार्बोरेटरची कड या दोहोंवर पोलादी पट्टी उभी धरून मध्यें उजेड दिसतो कीं काय तें पाहावें. पत्रा चेपला असेल तर लांकडी हातोडीनें हळू सरळ करावा. जुनें पॅकिंग पुन्हां वापरूं नये. नवें घेतांना किंवा कापून घेतांना मूळ पॅकिंगवर ठेवून त्याची जाडी व छिद्रें जुळवावीं, आणि वर सांगितलेलें हवेचें छिद्र मोकळें राहतें कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. त्यानंतर डबा हलकेच ठेवून, तो आपल्या वजनानें चहूंकडून सारखा टेकतो कीं नाहीं हें बोटांनीं चांचपावें. टेकत नसेल तर नटानें ओढून टेकवूं नये, कारण शोधावें. नट प्रथम हातानें फिरवावे व मग पान्यानें आळीपाळीनें थोडथोडे आवळावे.

डबा बसला कीं नाहीं याची कसोटी आमच्या मिस्त्रीनें आम्हांस शिकविली ती अशी. पॅकिंगच्या वरच्या अंगास निळ्या खडूची भुकटी चोळावी, डबा बसवावा व पुन्हां उचलावा. डब्याच्या बुडावर निळें वर्तुळ अखंड उमटलें तर बैठक बरोबर. कोठें तुटलें तर तेथेंच फट. भुकटी पुसून मग डबा कायमचा बसवावा. आंतल्या कागदी फिल्टरच्या वरच्या-खालच्या रबरी कडांसहि हीच कसोटी लावतां येते. दुसरी कसोटी बॉनेटची. डब्याच्या माथ्यावर मळलेल्या कणकेची एक लहान गोळी ठेवावी, बॉनेट हळूच मिटावें व उघडावें. गोळी पापडासारखी चेपली असेल, तर बॉनेट डब्यास दाबीत आहे आणि गाडी हादरतांना तो पुन्हां वांकडा होणार, हें निश्चित समजावें. शेवटीं चोक हातानें पूर्ण मिटतो व पूर्ण उघडतो हें पाहावें. पांचशें किलोमीटर गाडी चालली म्हणजे डबा एकदां उचलून कार्बोरेटरच्या तोंडांत पांढरें फडकें फिरवावें. फडकें स्वच्छ निघालें, तर मालकानें सुखानें झोपावें.

ज्यांच्याकडे जुन्या जीप आहेत त्यांस दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनीं मुंबईस विलिस जीपची जोडणी आरंभिली, आणि पुढें ही गाडी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जशी रुळली तशी दुसरी क्वचितच रुळली असेल. हिच्या जुन्या पेट्रोल नमुन्यांत डबा कार्बोरेटरच्या डोक्यावर नसून बाजूस असतो व नळीनें कार्बोरेटरशीं जोडलेला असतो. त्यांत कागद नसतो. खालीं तेल असतें, हवा त्या तेलावर आपटून वळते व धूळ तेलांत राहते. हा डबा उभा व समतल असलाच पाहिजे. तो कलला तर एका बाजूस तेल वर चढतें व इंजिनांत ओढलें जातें; दुसऱ्या बाजूस तें उथळ होऊन धूळ तशीच पार होते. तेल खुणेइतकेंच घालावें, कमीहि नको व अधिकहि नको. इंजिन रबराच्या पायांवर हादरत असतें व डबा स्थिर असतो, म्हणून मधली रबरी नळी नेहमीं ताणाखालीं असते. तिच्या खालच्या अंगास, जेथें नजर पोंचत नाहीं, तेथें ती आधीं तडकते. बोटानें चांचपल्याशिवाय हें कळत नाहीं.

ट्रॅक्टर डिझेलचा असल्यामुळें त्यास कार्बोरेटर नाहीं, तरी न्याय तोच. फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या नळ्या, क्लिपा व रबरी कडा हा त्याचा बांध. नळीवर क्लिप तिरपी बसली असेल, तर मळणीच्या एका हंगामांत त्याचें मोल मोजावें लागेल.

या विषयावर आमच्या परिचितांत वाद होतो व तीन आक्षेप नेहमीं निघतात. पहिला असा कीं, जुनी गाडी, आज ना उद्यां भंगारांत जावयाची, तिचा एवढा सोपस्कार कशास? सन १९४४ मध्यें वालचंद हिराचंद यांनीं उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून ही गाडी निघे. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सींची अखेर ऑक्टोबर २०२३ मध्यें झाली, आणि तिचे सुटे भाग आम्हांस पूर्वीं जसे सहज मिळत तसे आतां मिळत नाहींत. आमच्या मतें हेंच काळजीचें कारण आहे. जें पुन्हां मिळणार नाहीं तें झिजूं देऊं नये. म्हातारा बैल आहे म्हणून त्याच्या मानेवर वांकडें जूं ठेवणारा शेतकरी आम्हीं पाहिलेला नाहीं.

दुसरा आक्षेप तरुणांचा. डबाच काढून टाकला तर इंजिन मोकळा श्वास घेतें, आवाज भारदस्त होतो व पिकअप वाढतो, असें ते म्हणतात. आवाज वाढतो हें खरें. परंतु त्या कार्बोरेटरचें प्रमाण डबा धरूनच ठरविलेलें असतें, तें बिघडतें. शिवाय इंजिन उलट फुटलें, म्हणजे कार्बोरेटरांतून ज्वाळा बाहेर आली, तर ती अडविणारा हाच डबा असतो. धुळीचें तर बोलावयासच नको. शर्यतीच्या मैदानावर एक दिवस चालणाऱ्या गाडीचा नियम खळ्यावर वर्षभर राबणाऱ्या गाडीस लावणें शहाणपणाचें नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं, हें मिस्त्रीचें काम आहे, मालकाचें नव्हे. मिस्त्रीविषयीं आम्हांस आदर आहे. आमची गाडी मिस्त्रीनेंच वांचविली. परंतु गॅरेजांत दहा गाड्या रांगेंत उभ्या असतांना प्रत्येक डब्याखालीं कोण वाकून पाहणार? दप्तरांत कारकुनानें लिहिलेला उतारा शेतकरी घरीं नेण्यापूर्वीं वाचून घेतो, निदान शहाण्यानें घ्यावा. कारण चूक लिहिणाऱ्याची असली तरी जमीन वाचणाऱ्याची असते. तीच गोष्ट येथें. काम मिस्त्रीनें करावें, तपासणी मालकानें करावी.

म्हणून आमची आपल्या संघास विनंति आहे. दरवर्षीं झोडणी सुरू होण्यापूर्वीं एक दिवस सभासदांच्या गाड्या व ट्रॅक्टर एके ठिकाणीं आणवून, जाणत्या मिस्त्रीकडून त्यांच्या डब्यांची व नळ्यांची बैठक सर्वांसमक्ष तपासून दाखवावी. बियाण्याच्या कोठारांत आपण खतें व औषधें ठेवतों, त्याच कपाटांत पॅकिंगचा एक पत्रा, दोन-चार मापांच्या रबरी नळ्या आणि क्लिपा ठेवाव्या. सभासदानें किंमत देऊन न्याव्या. आणि प्रत्येकानें गाडीची एक साधी नोंदवही ठेवावी. तींत फिल्टर केव्हां बदलला एवढेंच न लिहितां, डबा बुडापासून उचलून केव्हां पाहिला हेंहि लिहावें. आमच्या जुन्या नोंदींत फिल्टर बदलल्याच्या तारखा चोख आहेत. डबा उचलल्याची एकहि नाहीं. सारें नुकसान त्या एका रिकाम्या रकान्यांत आहे.

यंदाचें भात कापणीस येण्यास आतां फार दिवस उरलेले नाहींत. वाचकांपैकीं ज्यांच्या दारीं गाडी उभी आहे त्यांनीं हें मासिक बाजूस ठेवून बॉनेट उघडावें, आणि डब्याच्या बुडाशीं सभोंवार एकदां बोट फिरवावें. बोट कोरडें व स्वच्छ निघालें तर आमच्या लेखानें त्यांचा वेळ घेतला म्हणून त्यांनीं क्षमा करावी. बोटास माती लागली, तर खळें लागण्यापूर्वींच तें भोंक बुजवावें.